खाऱ्या विहिरीची कंडक्टर

सुगंधा मावशी माझ्या शिलाई मशीनच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं एक टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे थांब. मग मी पाय थांबवायचा, ब्लाउजची बाही सुईखाली तशीच अडकवून ठेवायची आणि तिचं ऐकायचं. ऐकून झालं की दोन टिचक्या. दोन म्हणजे चालू दे. सगळी उमर एसटीत कंडक्टरकी केली, निवृत्त झाली, पण घंटीची दोरी काही तिच्या हातातून सुटली नाही. दूधवाल्याला ती टिचकीवर थांबवायची, भांडणाऱ्या नवराबायकोला थांबवायची. एकदा विहारात बाहेरगावचे एक वक्ते फारच रंगले होते. स्वयंपाक निवत होता, पोट्टे पेंगत होते. मावशी उठली, माइकच्या दांडीवर एक टिचकी मारली आणि म्हणाली, "साहेब, स्टॉप आला." वक्ते बसले. जेवताना तिनंच त्यांना आग्रहानं वाढलं, ते वेगळं.

आमचं गाव साकोलीहून एकोडीकडे जाणाऱ्या रस्त्याला. विहाराच्या मागे आमचा मोहल्ला, मोहल्ल्याच्या मधोमध विहीर, विहिरीच्या एका अंगाला मावशीचं घर आणि दुसऱ्या अंगाला आमचं. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. एक, समोरच्या कंडक्टरबाईच्या तोंडी लागायचं नाही. दोन, पाहुण्याला विहिरीचं पाणी द्यायचं नाही.

पहिली गोष्ट मी आठवडाभरही पाळली नाही. दुसरी मात्र अख्खा मोहल्ला पाळायचा.

त्या विहिरीचं पाणी खारं. समुद्रासारखं नव्हे, चुन्यासारखं जड. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाण्याच्या गुंडाला आतून पांढरं पुट धरतं ते विळ्यानं खरवडलं तरी निघत नाही. गावातल्या बाकी विहिरी गोड, तलाव गोड, आमचंच तेवढं असं. त्यावरून आमच्या मोहल्ल्याला नावच पडलेलं, खारी विहीरवाले. बाजारात कोणी विचारलं, "कोणाची वं तू?" तर उत्तर देणाऱ्याच्या आधी शेजारचा सांगायचा, "थे खारी विहीरवाल्याईची." सांगताना ओठ थोडा वाकडा. म्हणून पाहुणा यायचा असला की आमच्या बाया आधी लांबच्या शेतातल्या विहिरीवरून घागर आणायच्या, मग नळ आला तर नळाचं ठेवायच्या आणि आता थंड पाण्याचे कॅन घेतात. आपण काही का पिऊ, पाहुण्याला चांगलं द्यावं, असं म्हणायचं. खरं म्हणजे लाज वाटायची. सरळ बोलायला काय हरकत आहे.

मावशीची गोष्ट सांगायची तर तिच्या नोकरीतला एक किस्सा सांगावाच लागतो, कारण बाकी सगळी मावशी त्यातून निघते. माझी आई त्या गाडीत होती. लाखांदूरची गाडी, दिघोरीचे बरेच लोक चढलेले. एक जाडजूड गृहस्थ पुढच्या सीटवर बसले. मावशीनं तिकीट पुढे केलं तर म्हणाले, "ठेव तिथं सीटवर." हातातून घ्यायचं नव्हतं त्यांना. का नव्हतं, ते गाडीतल्या प्रत्येकाला कळलं, आणि प्रत्येकजण खिडकीबाहेर पाहायला लागला. मावशीनं दोरी एकदा ओढली. गाडी थांबली, दोन्हीकडे धानाच्या बांध्या, स्टॉप नाही काही नाही. ड्रायव्हरनं मान वळवली. मावशी म्हणाली, "तिकीट हातातच भेटते जी. हात पुढे करा, नाही तं उतरून घ्या. मले घाई नाही." गृहस्थांनी वर तक्रार करीन म्हटलं. मावशीनं आपला बिल्ला नंबर मोठ्यानं वाचून दाखवला, वर परत एकदा वाचून दाखवला, यांना पाठ व्हावा म्हणून. गाडीतली माणसं आधी गप्प होती, मग उन्हानं कुरकुरायला लागली, आणि कुरकुर त्या गृहस्थांवर वळली. शेवटी हात पुढे आला. मावशीनं तिकीट त्या तळहातावर ठेवलं, वरून बोटानं दाबलं, आणि दोरी दोनदा ओढली.

आई म्हणायची, उतरताना प्रत्येक बाई कंडक्टरच्या हाताला हात लावून उतरली. मावशीला हे विचारलं तर ती म्हणायची, "लावला असन. गर्दी होती."

तिनं लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायची, "सीट रिझर्व होती, पॅसेंजर आलाच नाही, मंग मीच पाय लंबे करून बसली." असलं बोलून ती विचारणाऱ्याला अशी गार करायची की दुसऱ्यांदा कोणी विचारत नसे.

निवृत्त झाल्यावर भंडाऱ्याचा भाचा तिला म्हणाला, माझ्याकडे येऊन राहा. ही गेली नाही. तीर्थयात्रा करत नव्हती, टीव्हीवरच्या मालिकांना शिव्या द्यायची. मग एकदा नागपूरला डोळे तपासायला गेली आणि येताना एका दुकानातून मासोळ्या घेऊन आली. पिवळ्या. पिवळ्या म्हणजे कशा, तर लिंबू पिकल्यावर असतो ना, तशा, आणि पाठीच्या पराला काळी किनार. आमच्याकडे मासोळी म्हणजे बाजारात ढिवराच्या टोपलीत असते ती. घरात काचेच्या पेटीत ठेवायची मासोळी मोहल्ल्यानं पहिल्यांदाच पाहिली.

ती का आणली हे तिनं मला मशीनवर टिचकी मारून सांगितलं. दुकानात दुसऱ्याही रंगीत मासोळ्या होत्या, पण ही पिवळी दगडाच्या कपारीतून दुसऱ्या चांगल्या हातभर मोठ्या मासोळीला हाकलत होती. मावशीला ती पटली. दुकानदार म्हणाला, ही आफ्रिकेतल्या एका मोठ्या तलावातली जात आहे, सिक्लिड म्हणतात, हिला वेगळं पाणी लागतं, तुमच्या भंडाऱ्याकडे जमणार नाही, तुम्ही गोल्डफिश न्या.

"मले म्हणते, जमणार नाही," मावशी म्हणाली. "कोणतं पाणी लागते ते आयकाले मी थांबलीच नाही. म्हटलं, बांध."

इथंच तिची चूक झाली, आणि ही चूक आमच्या मोहल्ल्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही. दुकानदाराचं पुरतं न ऐकता ती घरी आली, पेटी मांडली, आणि त्या मासोळ्यांना तिनं कॅनचं पाणी दिलं. विकतचं, मशीनमधून गाळलेलं, पाहुण्यांसाठी आणतो ते. मी म्हटलं, "मावशी, विहीर दारात आहे, कॅन कायले?" तर माझ्यावरच उखडली. "आफ्रिकेतून आल्या बिचाऱ्या. घरी आलेल्या पाहुण्याले का आपण हे पाणी देतो काय?" ज्या बाईनं भर रस्त्यात गाडी थांबवून माणसाचा हात पुढे करायला लावला, तीही पाण्याच्या बाबतीत आमच्यासारखीच होती.

मासोळ्या फिक्या पडल्या. हळद धुऊन निघावी तसा रंग गेला. कोपऱ्यात तोंड करून राहायच्या, दाणे टाकले तर वर यायच्या नाहीत. एक मेली, मग दुसरी. मावशीनं त्यांना कढीपत्त्याच्या बुडाशी पुरलं आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही, म्हणजे तिच्या हिशेबानं बोलली नाही, मोहल्ल्याला सकाळसंध्याकाळ शिव्या चालू होत्याच. पेटीतलं पाणी ती आणखी वेळा बदलायला लागली. जितकं चांगलं पाणी घालावं तितक्या त्या मरगळत होत्या.

मग धानाच्या रोवणीच्या दिवसांत रस्त्याचा असा चिखल झाला की कॅनवाल्याची गाडी गावात येईना, आणि त्याच वेळी नळाची मोटर जळाली. पेटीत पाणी तर घालायलाच हवं. मावशीनं विहिरीतून बादली काढली, पेटीपुढे उभी राहिली आणि काचेला म्हणाली, "बायांनो, माफ करजा. घरात हेच आहे." आणि थोडं थोडं करून तेच पाणी घातलं.

पुढं काय झालं ते मी पाहिलं आहे. एके दिवशी मशीनवर टिचकी पडली नाही, मावशीनं सरळ माझा हात धरून ओढत नेलं. मासोळ्या पिवळ्याधमक झाल्या होत्या. दोघी जणी एकमेकींच्या मागं लागल्या होत्या आणि पेटीतला एक नर, तो नर आहे हे आम्हाला तेव्हाच कळलं, दगडापुढे अंग थरथरवत नाचत होता. मावशीनं नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला आणि बाकी राहिलेलं आता ऐकलं. त्या मासोळ्यांना चुन्याचं जड पाणीच लागतं. जितकं जड तितकं बरं. गोड पाण्यात, गाळलेल्या पाण्यात त्यांचं अंग मोडतं.

फोन ठेवून ती खाटेवर बसली. तिनं पेटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाह्य वं. माह्या बापाच्या पाण्यानं रंग आला."

विहीर तिच्या बापानं खोदली होती. एकट्यानं नाही, मोहल्ल्यातल्या सगळ्या कर्त्या माणसांनी मिळून. धम्मदीक्षेनंतर आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तर गावानं पाणी बंद केलं. मग हे लोक दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत राबायचे आणि संध्याकाळी सब्बल घेऊन इथं खोदायचे. दगड लागला, फोडला. खाली पाणी लागलं, चाखलं, तर खारं. मावशीचा बाप म्हणाला होता म्हणे, "खारं असन. आपलं तं होय." हे वाक्य मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होतं. माहीत असूनही आम्ही कॅन घेत होतो.

त्या दिवसापासून मावशीच्या घरी कोणी आलं की स्टीलच्या गिलासात विहिरीचं पाणी. तलाठी असो की सरपंच असो. तोंड वाकडं केलं की विचारायची, "काहून, मासोळ्यायले चालते, तुमाले नाही चालत?" पेटीतले दगडही तिनं बदलले. विहीर खोदताना निघालेला मलमा तिच्या घरामागं अजून होता, त्यातले दगड धुऊन तिनं पेटीत रचले, त्यांत कपारी केल्या. आपला जुना खाकी गणवेश माझ्यापुढं टाकला आणि म्हणाली, याचं पेटीवर झाकण शिव, दुपारचं ऊन त्याईच्या डोळ्यावर येते. मी शिवलं. बिल्ल्याची जागा मुद्दाम पुढच्या बाजूला घेतली.

आणि हो, ती मासे खायची. रविवारी पेटीपुढेच ताट घेऊन बसायची, मरळीचा रस्सा, भात. मी म्हटलं, "मावशी, यांच्यासमोर?" तर म्हणे, "त्या पासवाल्या, ह्या तिकीटवाल्या. गाडी एकच असली तरी हिशोब वेगळा राह्यते."

नराच्या नाचाला फळ आलं. पण अंडी कुठं दिसेनात. मादीनं ती टाकल्या टाकल्या तोंडात घेतली होती. ही जात पिल्लं तोंडात वाढवते. गालफडं फुगलेली, तोंड घट्ट मिटलेलं, दाणे समोरून तरंगत जात आहेत आणि ही बाई ढुंकून पाहत नाही. किती दिवस उपाशी. बाकीच्या मासोळ्या टोचा मारतात, तरी तोंड उघडत नाही. मावशी तिच्यापुढे गाल हातावर टेकून बसायची.

"मानलं बाई हिले," ती मला म्हणाली. "उपाशी राह्यणं मी समजू शकते. पण तोंड बंद? मले तं एक दिवस नाही जमणार."

एका सकाळी तोंड उघडलं आणि शेवयाच्या तुकड्यांएवढी पिल्लं बापाच्या विहिरीतल्या दगडांमध्ये शिरली. मावशीनं मोहल्ल्यात पेढे वाटले. लोक हसले. मुलगा झाल्यासारखं काय करतेस, असं एकजण म्हणाली. मावशी म्हणाली, "मुलगा झाला असता तं एकच झाला असता."

आता प्रशिक. आमच्या मोहल्ल्यातला जयंती मंडळाचा अध्यक्ष, इंजिनियरिंग केलेला, साकोलीत कामाला, मनानं चांगला, पण डोक्यात राग. मावशीवर तर जुना राग. त्याच्या बहिणीला पाहायला पाहुणे आले होते तेव्हा घरच्यांनी कॅन मागवला होता, आणि मावशी स्वतः ताटात गिलास मांडून विहिरीचं पाणी घेऊन हजर. पाहुण्यांच्या हातात देऊनही टाकलं. प्रशिक लाल. मुलाचा बाप एक घोट प्याला, थांबला, आणि म्हणाला, "आमच्या आजीकडे असंच पाणी होतं." लग्न जमलं. तरी प्रशिकचा राग गेला नाही. जमलं नसतं तर, असं तो म्हणत राहिला, आणि त्याचंही चूक नव्हतं.

त्याच प्रशिकनं विषय काढला की विहीर बुजवायची. पंचायतीकडे चौक सुंदर करायची योजना होती, पेव्हर ब्लॉक, पक्का मंच, मोठी कमान. जागा विहिरीचीच. नळ आहे, कॅन आहे, विहिरीचं पाणी एका मासोळीवाल्या म्हातारीशिवाय कोणी वापरत नाही. ग्रामसभेत प्रशिक उभा राहिला. मीही होते. तो म्हणाला, "आम्ही शिकलो, नोकऱ्या केल्या, अन् अजून आमचं नाव काय? खारी विहीरवाले. गावानं आपल्याले पाणी दिलं नाही, याची ही खूण आहे. काहून जपाची? बुजवा, अन् नावबी बुजू द्या."

टाळ्या पडल्या. माझ्या नवऱ्यानंही वाजवल्या.

मावशी उठली. मला वाटलं, आता ही सभेची गाडी जाग्यावर थांबवते. पण ती शांत बोलली. "प्रशिक, बाबू, खूण आहे, बरोबर. पण कोणाची? पाणी बंद केलं त्याईची लाज त्याईच्या घरी. ही विहीर ज्याईनं खोदली त्याईची खूण होय. लाज बुजवाची तं त्याईचं नाव बुजव. माह्या बापाचं कायले बुजवतं?"

सरपंचांनी हात वर करायला सांगितलं. बुजवण्याच्या बाजूनं हात भराभर वर झाले. आमच्या मोहल्ल्याचे जास्त होते. सासूबाईंचाही होता. मी तेव्हा हात वर केला नाही; मावशीच्या बाजूनं जे दोनचार हात वर झाले त्यांत माझा होता, पण कोपऱ्यात, पुढच्या बाईच्या आडून. ठराव पास झाला. मावशी घरी आली, मासोळ्यांना दाणे टाकले, आणि माझ्याकडे येऊन मशीनवर टिचकी न मारता बसून राहिली.

जेसीबी आला तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या सकाळी मोहल्ल्यात तिचा आवाज नव्हता. सकाळी तिचा आवाज नसणं म्हणजे कोंबडा न आरवण्यासारखं. बाहेर येऊन पाहते तर मावशी विहिरीच्या कठड्यावर बसलेली. इस्त्रीची साडी, पायात चपला, मांडीवर हात. तोंड मिटलेलं.

"मावशी, सरका थोड्या," जेसीबीवाला वरून म्हणाला.

ती काही बोलली नाही. ज्या बाईनं सगळी उमर लोकांना "सरका पुढे, सरका" म्हणत काढली, ती तिथून बोटभर सरकली नाही.

सरपंच आले. ठराव झाला आहे म्हणाले. ती ऐकत होती, त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, बोलत नव्हती. प्रशिक आला. "मावशी, उपोषण कराचं असन तं सांग, मी पोलिसाले फोन करतो." तिनं पदराआडून भाकरीचा तुकडा काढला, चावून खाल्ला, आणि परत तोंड मिटलं. उपोषण नव्हतं ते. भांडायला आलेल्या माणसांना भांडण मिळेना. तिनं शिवी दिली असती तर प्रशिकनं उचलूनसुद्धा बाजूला केलं असतं. पण ती गप्प होती आणि तिचं गप्प असणं कोणाला सहन होत नव्हतं. मी मात्र तिच्या फुगलेल्या गालफडांकडे पाहिलं आणि मला कळलं की ही कोणाकडून शिकून आली आहे.

माझ्या सासूबाई ओट्यावरून हे पाहत होत्या. सभेत बुजवायच्या बाजूनं हात वर केलेल्या. त्या कुरकुरत उठल्या, "हे बोलत नाही म्हंजे काही खरं नाही बाप्पा," म्हणाल्या, आणि जाऊन कठड्यावर तिच्या शेजारी बसल्या. नुसत्या सोबतीला. सुपारी कातरत. मग आणखी कोणी कोणी आलं, काहींना नुसती गंमत पाहायची होती, पण बसायला जागा कठड्यावरच होती. जेसीबीवाल्याला दुसऱ्या गावी बांध टाकायला जायचं होतं. त्यानं सरपंचांकडे पाहिलं, सरपंचांनी घड्याळाकडे.

तो मशीन वळवायला लागला तेव्हा मावशी उठली, त्या लोखंडी सुपड्याजवळ गेली आणि त्यावर तळहातानं दोनदा थाप मारली. मग माझ्याकडे वळून दिवसातलं पहिलं वाक्य बोलली, "चहा मांड वं. बसून बसून कंबर धरली."

पण जिंकली असं कोणी समजू नये. ठराव तसाच होता. प्रशिक सगळ्यांना सांगत फिरत होता, "मावशी का रोज बसन काय? कवा ना कवा तं उठन." त्यात खोटं काही नव्हतं. मावशीला चढावर दम लागायला लागला होता. पाय सुजत होते. मोहल्ल्यात लगेच सुरू झालं, खारं पाणी पिऊन झालं. साकोलीच्या डॉक्टरनं हृदय म्हणून सांगितलं आणि भंडाऱ्याला न्यायला सांगितलं. मावशीनं ते अख्ख्या मोहल्ल्याला ऐकवलं. "हृदय होय म्हणते डॉक्टर. पाण्याचं नाव घेतलं तं पाहजा."

विहीर आजही आहे. तिच्यावर जाळी आहे, दोर ओढायची नवी गडगडी आहे, बाजूला कमान उभी राहिली आहे आणि कमानीवर मोठ्या अक्षरांत 'खारी विहीर चौक' असं लिहिलेलं आहे. अक्षरं प्रशिकनं स्वतः उभं राहून रंगवून घेतली. मंच जरा तिरका झाला, जागा कमी पडली म्हणून. त्याचीही आता सगळ्यांना सवय झाली आहे. हे आधीच सांगून टाकलं, कारण मला शेवट मावशीवर करायचा आहे.

भाचा गाडी घेऊन आला ती सकाळ. धान कापणीला आलं होतं, हवेत थोडी थंडी. मावशीला सासूबाईंनी आणि मी धरून गाडीत बसवलं. पिशवी ठेवली. सगळा मोहल्ला जमला होता, प्रशिकही. भाच्यानं गाडी सुरू केली, ती हळूहळू विहिरीजवळ आली आणि आतून काचेवर एक टिचकी वाजली.

भाचा थांबला. मावशीनं काच खाली केली. मला म्हणाली, "एक गुंड पाणी काढ." मी काढलं. गिलास तिच्या पिशवीतच होता, तोच स्टीलचा. ती प्याली, सावकाश, दम घेत घेत. मग गिलास परत भरायला सांगितला आणि हात खिडकीबाहेर काढला.

"प्रशिक, इकडे ये. या विहिरीचं पाणी तू कवा पेला?"

प्रशिक खिडकीपाशी आला. त्याला लहानपणापासून त्याच्या आईनं लांबून आणलेलं, मग नळाचं पाजलं होतं. तो प्याला नव्हता. मोहल्ल्यातली त्याच्या वयाची पोरं कोणीच प्यालेली नव्हती.

"हात पुढे कर," मावशी म्हणाली.

भरलेला गिलास तिच्या हातात होता. तिनं तो सीटवर ठेवला नाही, माझ्याकडेही दिला नाही. सगळे पाहत होते. प्रशिकनं हात पुढे केला. तिनं गिलास त्याच्या तळहातावर ठेवला, त्याची बोटं त्याच्याभोवती दाबली. तो उभ्यानं प्याला, सगळं प्याला, आणि शेवटच्या घोटाला त्याचा चेहरा वाकडा झाला.

"कसं आहे?"

"खारं आहे मावशी."

"असनच," ती म्हणाली. "गोड लागावं म्हून नाही खोदली बाबू. आपली असावी म्हून खोदली." दम लागला म्हणून ती थांबली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "त्या मोठीचं तोंड बंद आहे. पेटीत हात घालू नोको. तिले जवा उघडाचं तवा उघडन. पाणी हेच घालजो."

मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि तिला ते आवडलं नसतं.

प्रशिक रिकामा गिलास धरून तसाच गाडीला टेकून उभा होता. ती त्याला म्हणाली, "सरक बाजूले. गाडी जाऊ दे." तो सरकला. तिनं हात खिडकीतून वर नेला, टपावर दोनदा टिचकी मारली, आणि गाडी निघाली.